आमच्या मुंबईचीं मैदानें व उद्यानें

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं आम्हीं इयत्ता नववीच्या वर्गास ‘माझें आवडतें मैदान’ हा विषय निबंधासाठीं दिला होता. विषय सोपा आणि मुलांच्या जिव्हाळ्याचा. कोणीं शिवाजी उद्यानावर लिहिलें, कोणीं आझाद मैदानावर, तर कोणीं मामाच्या गांवच्या खळ्यावर. एका विद्यार्थ्याचा निबंध मात्र पाऊण पानांतच संपला होता. त्यानें लिहिलें होतें कीं, आमचें मैदान म्हणजे आमच्या चाळीचा जिना व त्याच्यापुढची अरुंद गल्ली. गल्लीच्या टोंकास एक बाग आहे. तेथें हिरवळ आहे, दोन घसरगुंड्या आहेत, चाफ्याचें झाड आहे. परंतु सकाळीं आमची शाळा असते, दुपारीं बागेच्या फाटकास कुलूप असतें, आणि संध्याकाळीं कुलूप निघालें तरी ‘येथें चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी असते. म्हणून ती बाग आम्हांला आवडते, पण बाहेरून.

हा निबंध तपाशीत असतां आमचा हात थबकला. त्यांत ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका होत्या, त्या तांबड्या शाईनें सुधारून झाल्या. पण खालीं शेरा काय द्यावा तें सुचेना. कारण ती बाग आम्हांस चांगली ठाऊक होती. ती आमच्याच घरासमोरची. तिची देखभाल वस्तींतील रहिवाशांचें एक मंडळ करितें, आणि आम्ही त्या मंडळाचे सभासद आहों. तीन वर्षांपूर्वीं मुलांचा चेंडू येऊन आमच्या खिडकीची काच फुटली व तिचे तुकडे टेबलावरील उत्तरपत्रिकांवर पसरले. त्या रागाच्या भरांत, बागेंत चेंडू खेळूं देऊं नये व दुपारीं फाटक बंद ठेवावें असा अर्ज मंडळापुढें आला, त्यावर आम्हीं सही केली. केवळ सहीच केली असें नाहीं. भाषा शुद्ध असावी म्हणून अर्जाचा मसुदाहि आमच्याकडूनच लिहून घेण्यांत आला होता. पाटीवरील ‘सक्त मनाई’ हे दोन शब्द आमचेच.

ज्या मुलास आम्ही मैदानावर निबंध लिहावयास सांगतों, त्याच्या मैदानाचें दार आम्हींच लाविलेलें असावें, ह्याची आम्हांस लाज वाटली. शेरा न देतांच वही परत केली. मग प्रायश्चित्त म्हणा वा कुतूहल म्हणा, दिवाळीच्या सुटींत व पुढील कांहीं शनिवारीं त्या वर्गांतील आठ-दहा मुलांस बरोबर घेऊन आम्ही शहरांतील मैदानें व उद्यानें पाहत हिंडलों. तो निबंध लिहिणारा विद्यार्थीहि आमच्याबरोबर होता. निघण्यापूर्वीं मुलांनीं तीन प्रश्न ठरविले व प्रत्येक ठिकाणीं त्यांचीं उत्तरें वहींत टिपावयाचीं असा नियम केला. ही जागा मोकळी कशी राहिली? ती कोणाकरितां उघडी आहे? आणि येथें बसावयास सावली आहे काय? हा तिसरा प्रश्न आम्हांस प्रथम किरकोळ वाटला. परंतु ऑक्टोबरच्या उन्हांत दोन तास चालल्यावर त्याचें महत्त्व आम्हांस पटलें.

आरंभ आझाद मैदानापासून केला. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे एकाच विस्तीर्ण पटांगणाचे तुकडे होत. इंग्रजांच्या किल्ल्यावर शत्रू चालून आला तर तोफांच्या माऱ्यास अडथळा होऊं नये, म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी ठेविलेली होती. इ. स. १८६२ नंतर गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत तट पाडण्यांत आला, पण ही मोकळी जमीन पुष्कळ अंशीं शिल्लक राहिली. म्हणजे जी जागा युद्धासाठीं राखिली, तिच्यावर आज मुलें खेळत आहेत. आझाद मैदानावर क्रिकेटच्या बावीस खेळपट्ट्या असल्याचें सांगतात. एका सामन्यांतील क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यांतील पंचाच्या पाठीशीं उभा असतो, आणि आपला चेंडू कोणता हें ओळखणें हीच तेथील पहिली विद्या होय. इ. स. १९८८ च्या फेब्रुवारींत हॅरिस ढालीच्या शालेय सामन्यांत सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी ह्या शारदाश्रमच्या दोन विद्यार्थ्यांनीं ह्याच मैदानावर ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. त्या डावांत तेंडुलकरच्या नाबाद ३२६ व कांबळीच्या नाबाद ३४९ धावा झाल्या. प्रतिपक्ष सेंट झेविअर्स हायस्कूलचा होता. आमच्या मुलांनीं त्या दोघां वीरांचें कौतुक तर केलेंच, पण एकानें विचारलें, “सर, दिवसभर चेंडूमागें धांवणाऱ्या त्या अकरा मुलांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं आहेत काय?” ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

तेथून ओव्हल मैदानावर गेलों. त्याच्या एका बाजूस उच्च न्यायालय व विद्यापीठ यांच्या गॉथिक धाटणीच्या इमारती आहेत. दुसऱ्या बाजूस त्यानंतरच्या काळांत, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत उभ्या राहिलेल्या आर्ट डेको पद्धतीच्या इमारतींची रांग आहे. ह्या सर्व समूहास इ. स. २०१८ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मुलांनीं पाहिलें कीं, मधलें मैदान नसतें तर ह्या दोन्ही रांगा कोणास धड दिसल्याहि नसत्या. मोकळी जागा म्हणजे नुसती रिकामी जागा नव्हे; तिच्यामुळें भोंवतालच्या शहरास रूप येतें, ही गोष्ट पुस्तकापेक्षां तेथें उभें राहिल्यानेंच अधिक चांगली कळते.

पुढच्या वेळीं भायखळ्याची राणीची बाग पाहिली. ही बाग इ. स. १८६२ च्या नोव्हेंबरांत लेडी फ्रिअर यांच्या हस्तें लोकांस खुली झाली. तिचें आजचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. आपल्यापैकीं बहुतेक जण तेथें प्राणी पाहावयास जातात. परंतु ती मूळची वनस्पतींची बाग आहे, आणि जाड बुंध्याच्या गोरखचिंचेखालीं उभें राहिलें म्हणजे आपण गिरण्यांच्या व मोटारींच्या शहरांत आहों हें क्षणभर खरें वाटत नाहीं. शेजारींच इ. स. १८७२ मध्यें उघडलेलें वस्तुसंग्रहालय आहे. त्यास आतां डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे. घारापुरी बेटावरून आणलेला दगडी हत्ती त्याच आवारांत उभा आहे. इ. स. २०१६ मध्यें राणीच्या बागेंत आठ पेंग्विन पक्षी आणण्यांत आले आणि २०१७ च्या मार्चपासून ते लोकांस पाहतां येऊं लागले. त्या दालनापुढील रांग आमच्या मुलांच्या उत्साहापेक्षांहि लांब होती.

येथें दुसऱ्या प्रश्नानें आम्हांस अडविलें. पूर्वीं बागेचें प्रवेशशुल्क प्रौढांस पांच रुपये होतें. इ. स. २०१७ मध्यें तें पन्नास रुपये झालें. मुलांस पंचवीस, व आईबाप आणि दोन मुलें अशा कुटुंबास मिळून शंभर. प्राण्यांच्या निवाऱ्यास, औषधपाण्यास व सुधारणांस द्रव्य लागतें, हें उघड आहे. आणि पन्नास रुपये पुष्कळांस जड नाहींत, हेंहि खरें. परंतु आमच्या सोबतच्या त्या विद्यार्थ्यानें आपल्या वहींत लिहिलें, “आंतमध्यें सावली सर्वांत चांगली. आम्ही घरीं सहा माणसें आहों.” एवढ्या दोन वाक्यांवर आम्हीं कांहीं भाष्य केलें नाहीं. गेलीं कांहीं वर्षें ह्या बागेंतील जुनीं झाडें जपलीं जावींत म्हणून शहरांतील कित्येक नागरिकांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, नेटानें खटपट केली आहे. बाग सुधारावी, पण सुधारतांना तिची सावली जाऊं नये, एवढेंच त्यांचें सांगणें होतें.

दादर-माटुंग्याच्या पांच उद्यानांचा इतिहास तर वर्गांत शिकवावा असा आहे. इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेगची सांथ आली. कोंदट, काळोख्या चाळींत माणसें पटापट दगावूं लागलीं. लोक शहर सोडून पळाले. तेव्हां सरकारच्या ध्यानांत आलें कीं, हवा व उजेड हीं श्रीमंतांच्या चैनीचीं साधनें नसून शहराच्या जिवाचीं आहेत. इ. स. १८९८ मध्यें शहरसुधारणेचा ट्रस्ट स्थापन झाला, आणि पुढें त्यानें दादर, माटुंगा, वडाळा, शीव ह्या भागांची आंखणी रुंद रस्ते, झाडें आणि बागा ह्यांसह केली. आज त्या पांच उद्यानांत संध्याकाळीं भेळ खाणाऱ्या मंडळींस प्लेगची आठवणहि नसेल. परंतु त्या बागा एका महासंकटापासून घेतलेल्या धड्याचें फळ आहेत. इ. स. २०२० च्या टाळेबंदींत आपणां सर्वांस घरांत कोंडून राहावें लागलें, तेव्हां मोकळ्या हवेची किंमत आमच्या पिढीसहि कळली. तो धडा आपण किती दिवस लक्षांत ठेवणार, हा प्रश्न आहे.

शिवाजी उद्यान इ. स. १९२५ मध्यें महानगरपालिकेनें लोकांस खुलें केलें. तेव्हां त्याचें नांव माहीम पार्क असें होतें. इ. स. १९२७ मध्यें नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानें त्यास शिवछत्रपतींचें नांव देण्यांत आलें. महात्मा गांधींचें मराठी चरित्र लिहिणाऱ्या त्या ह्याच अवंतिकाबाई. सुमारें २८ एकरांच्या ह्या मैदानानें क्रिकेटपटू घडविले, मल्लखांबपटू घडविले, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींतील प्रचंड सभा पाहिल्या. त्याच्या भोंवतालचा कट्टा हें तर मुंबईंतील सर्वांत मोठें बैठकघर होय. तेथें बसावयास कोणी पैसे मागत नाहीं आणि उठावयासहि कोणी सांगत नाहीं. तेंडुलकरांचे गुरु रमाकांत आचरेकर ह्याच मैदानावर शिकवीत असत; त्यांचें स्मारक इ. स. २०२४ च्या डिसेंबरांत तेथें उभें राहिलें. मात्र ह्या मैदानासहि आपलें दुखणें आहे. खेळपट्ट्यांसाठीं टाकलेली तांबडी माती हिवाळ्याच्या वाऱ्याबरोबर उडते व भोंवतालच्या घरांत जाऊन बसते. रहिवासी वर्षानुवर्षें तक्रार करीत आले आहेत. पाणी शिंपडून, गवत लावून ही धूळ बसवावयाची खटपट चालूं आहे. खेळाडू व रहिवासी ह्या दोघांचीहि बाजू खरी आहे, आणि मैदान तर दोघांचेंहि आहे. अशा वेळीं कोणा एकास हांकून देणें सोपें असतें. दोघांस ठेवून घेणें कठीण. हें कठीण काम करावयाचें कीं नाहीं, ह्यावर शहराची परीक्षा होते. हें लिहितांना आमची खिडकी आमच्या डोळ्यांपुढें आहे.

आमच्या मुलांस सर्वांत अधिक कोठें वाटलें असेल आश्चर्य, तर तें धारावी-माहीमच्या सीमेवरील महाराष्ट्र निसर्ग उद्यानांत. मिठी नदीच्या कांठीं सुमारें ३७ एकर जागेवर आज दाट झाडी आहे; तींत फुलपाखरें आहेत, पांखरें आहेत. ही जागा पूर्वीं शहराचा कचरा टाकण्याची होती. कचऱ्यावर माती पसरून, झाडें लावून, तीं वर्षानुवर्षें जगवून इ. स. १९९४ मध्यें हें उद्यान लोकांस खुलें झालें. तेथील एका झाडाखालीं बसून आम्हीं डबे उघडले, तेव्हां खालीं काय आहे हें सांगितल्यावर एका मुलानें घास हातांतच ठेविला. मग सर्वच हंसले. परंतु ह्यांतील तात्पर्य गंभीर आहे. जागा वाईट असली तरी ती सुधारतां येते. जागाच गेली तर मात्र कांहीं करतां येत नाहीं.

आणि जागा गेल्या आहेत, हें मुलांपासून लपविणें बरें नव्हे. परळ-लालबागच्या गिरण्या इ. स. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडूं लागल्या. त्यांच्या जमिनींविषयीं इ. स. १९९१ चा नियम असा होता कीं, एक तृतीयांश जागा सार्वजनिक मोकळ्या जागेसाठीं द्यावी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठीं, आणि उरलेली मालकानें वापरावी. इ. स. २००१ मध्यें ह्या नियमांत फेरफार होऊन ही वांटणी केवळ आधींपासून रिकाम्या असलेल्या जागेस लागू झाली. सर्वोच्च न्यायालयानें इ. स. २००६ मध्यें हा फेरफार ग्राह्य धरिला. परिणामीं जेथें विस्तीर्ण बागा होऊं शकल्या असत्या, तेथें उंच मनोरे व व्यापारी इमारती झाल्या, आणि लोकांच्या वांट्यास लहान लहान तुकडे आले. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचे आजोबा ह्याच गिरण्यांत कामाला होते. ‘आजोबांच्या गिरणींत बाग झाली असती’ हें वाक्य त्यांपैकीं एकीच्या वहींत आहे.

एकंदर हिशेब असा कीं, इ. स. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारें सव्वा कोटी होती, आणि निरनिराळ्या मोजण्यांप्रमाणें माणशीं एक ते दोन चौरस मीटर एवढीच मोकळी जागा येते. म्हणजे एका माणसाच्या वांट्यास एक लहानशी सतरंजी! भारतांतील शहरांच्या रचनेविषयीं केंद्र सरकारनें इ. स. २०१४ मध्यें जीं मार्गदर्शक सूत्रें प्रसिद्ध केलीं, तींत माणशीं १० ते १२ चौरस मीटर जागा असावी असें म्हटलें आहे. उत्तरेस बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान सुमारें शंभर चौरस किलोमीटरांचें आहे व त्यांत बिबटेहि राहतात, ही मुंबईवर देवाची कृपाच होय. परंतु तें अरण्य आहे. गल्लींतल्या मुलास रोज संध्याकाळीं चेंडू घेऊन तेथें जातां येत नाहीं.

असें असलें तरी निराश होण्याचें कारण नाहीं. अलीकडच्या वर्षांत पुष्कळ चांगलें काम झालें आहे. इ. स. २०२० पासून महानगरपालिकेनें शहरांत ठिकठिकाणीं जपानी तज्ज्ञ मियावाकी यांच्या पद्धतीनें दाट झाडीचीं लहान वनें लाविलीं आहेत. ह्या पद्धतींत देशी झाडें अगदीं जवळ जवळ लावितात, त्यामुळें तीं उजेडासाठीं चढाओढीनें वाढतात. झाडांच्या निगेबद्दल आर्बर डे फाउंडेशन व संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषि संघटना यांनीं इ. स. २०२१ सालाकरितां मुंबईचा ‘जगांतील वृक्षनगरी’ म्हणून गौरव केला. मलबार टेकडीवर इ. स. २०२५ च्या मार्चअखेर सुमारें अर्धा किलोमीटर लांबीचा लांकडी उन्नत मार्ग लोकांस खुला झाला. झाडांच्या शेंड्यांमधून चालत जावें, खालीं पाचोळा वाजत असावा आणि एका वळणावर एकदम समुद्र दिसावा, असा हा अनुभव आहे. ह्यालाहि पंचवीस रुपये शुल्क आहे. जवळच फिरोजशहा मेहता उद्यान आहे. हें एका मोठ्या पाण्याच्या टाकीवर वसविलेलें असल्यामुळें लोक त्यास हँगिंग गार्डन म्हणतात. ही टाकी नव्यानें बांधण्याची योजना निघाली, तेव्हां साडेतीनशेंहून अधिक झाडांवर संकट आलें. नागरिकांनीं हरकत घेतली, तज्ज्ञांनीं टाकींत उतरून पाहणी केली, आणि अखेर इ. स. २०२४ मध्यें नवी बांधणी सोडून दुरुस्तीचा मार्ग धरण्यांत आला. शांतपणें, पुरावा घेऊन केलेली विनंति फुकट जात नाहीं, ह्याचें हें उदाहरण विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

पुढें होऊं घातलेल्या सुधारणा तर त्याहून मोठ्या आहेत. समुद्रकांठच्या नव्या रस्त्यासाठीं जी भर घालण्यांत आली, तिच्यापैकीं सुमारें ७० हेक्टर जागेवर बागा, पायवाटा व खेळण्याच्या जागा करावयाच्या आहेत. त्यांतील समुद्रालगतच्या फिरण्याच्या वाटेचा बराच भाग इ. स. २०२५ च्या १५ ऑगस्टपासून लोकांस खुला झाला. महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानापैकीं १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठीं घेण्याचें इ. स. २०२४ मध्यें ठरलें आहे. ती जागा व समुद्रकांठची जागा जोडून सुमारें तीनशें एकरांचें एक मध्यवर्ती उद्यान करण्याचा संकल्प आहे. तें तडीस गेलें तर आपल्या शहराच्या इतिहासांत ही मोठी गोष्ट ठरेल. परंतु आमच्या विद्यार्थ्यांचे तीन प्रश्न येथेंहि लागू आहेत. ही जागा पुढेंहि मोकळीच राहील काय? गल्लींतल्या मुलास मोटारीवांचून, पायीं, सुरक्षितपणें तेथें जातां येईल काय? आणि भरावाच्या जमिनींत, खाऱ्या वाऱ्यांत, सावली देणारीं झाडें जगविण्याची चिकाटी आपण दाखविणार काय? रस्ता कांहीं वर्षांत होतो; सावली होण्यास पिढी लागते.

ह्या हिंडण्याच्या शेवटीं आम्ही घरीं आलों, तों समोर तीच पाटी. मोठमोठ्या उद्यानांविषयीं मोठमोठे विचार करून आल्यावर आपल्या दारापुढच्या अर्ध्या एकराविषयीं गप्प बसणें शोभलें नसतें. आम्हीं मंडळास दुसरा अर्ज लिहिला. पहिल्या अर्जास लागली होती त्याहून ह्यास शाई कमीच लागली, पण धैर्य अधिक लागलें. सभेंत एक वृद्ध गृहस्थ उठले. हे दुपारीं बागेलगतच्या खोलींत विश्रांति घेतात; त्यांचें हृदय अशक्त आहे. ते म्हणाले, “मास्तर, तेव्हां काच तुमची होती म्हणून मनाई लिहिलींत. आतां लाज तुमची आहे म्हणून परवानगी लिहितां. आमच्या झोंपेचें काय?” बोलणें कठोर होतें, पण खोटें नव्हतें. आम्हीं हात जोडून तें कबूल केलें.

त्यानंतर दोन सभा झाल्या. दुसऱ्या सभेस आम्हीं त्या विद्यार्थ्यास त्याची वही घेऊन बोलाविलें. त्यानें आपला पाऊण पानाचा निबंध उभ्यानें वाचून दाखविला. शेवटच्या वाक्यास त्याचा आवाज बारीक झाला. मग वृद्ध गृहस्थांनींच त्यास विचारलें, “बाळ, चेंडू कसला रे तुमचा?” तो म्हणाला, “आजोबा, रबरी. लेदरचा परवडत नाहीं.” ह्यावर कोणी फार बोललें नाहीं. शेवटीं असें ठरलें कीं, आठवड्यांतून चार दिवस संध्याकाळीं पांच ते सात ह्या वेळांत बागेच्या रस्त्याकडील कोपऱ्यांत रबरी चेंडूनें खेळावें; खिडक्यांच्या बाजूस जाळी बांधावी; दुपारीं फाटक उघडें ठेवावें, पण त्या वेळीं झाडाखालीं बसून वाचावें किंवा बुद्धिबळें खेळावीं, आरडाओरड करूं नये. जाळीचा खर्च आम्हीं सोसला. ती आमच्या काचेहून महाग पडली, पण त्याची खंत नाहीं. किल्ली सध्यां आमच्याकडे आहे. जुनी पाटी अजून तेथेंच आहे. फक्त ‘सक्त मनाई’ ह्यावर कोणीं तरी रंग फांसून वेळापत्रक लिहिलें आहे. त्यांत ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका आहेत. त्या आम्हीं सुधारल्या नाहींत.

ह्याच सुमारास शाळेच्या सकाळच्या उपासनेंत जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथांतील आठवा अध्याय वाचण्यांत आला. उद्ध्वस्त झालेलें यरुशलेम पुन्हां वसेल तेव्हां तें कसें दिसेल, ह्याचें चित्र त्यांत आहे. संदेष्ट्यानें त्या ठिकाणीं बुरूज वा राजवाडे वर्णिले नाहींत. हातीं काठी घेऊन बाहेर बसलेलीं वृद्ध माणसें आणि त्यांच्याच रस्त्यांत खेळणारीं मुलेंमुली, एवढेंच त्याला पुरेसें वाटलें. आम्हीं हा भाग पूर्वीं कितीदां तरी ऐकला होता. पण त्यांत वृद्ध व मुलें हीं दोघेंहि एकाच ठिकाणीं आहेत, कोणीं कोणास हांकलेलें नाहीं, हें ह्या वर्षीं प्रथमच लक्षांत आलें.

आतां एक विनंति करून हा लेख पुरा करितों. आमच्या मुलांनीं परत आल्यावर चौथा प्रश्न विचारला, तो असा : “सर, आपल्या शाळेचें मैदान रविवारीं व सुटींत बंद कां असतें?” आम्हीं तो प्रश्न प्रिन्सिपॉलसाहेबांच्या कानीं घातला. त्यांनीं रागावण्याऐवजीं हंसून विचारलें, “लक्ष ठेवावयास कोण येईल?” दर शनिवारीं दुपारनंतर मैदान आजूबाजूच्या मुलांसहि उघडें ठेवण्यास ते तयार आहेत, मात्र प्रत्येक वेळीं दोन जबाबदार माणसें हजर पाहिजेत. दोन शिक्षकांनीं नांवें दिलीं आहेत, त्यांत आम्हीहि आहों. पालकांपैकीं आणखी सहा-सात जणांनीं महिन्यांतून एकेक शनिवार दिला तर काम भागेल. वृक्षनगरीचा मान व मध्यवर्ती उद्यानाचा संकल्प हीं शहराचीं मोठीं कामें आहेत, तीं अवश्य व्हावींत. तोंपर्यंत ज्या कुलपाची किल्ली आपल्या खिशांत आहे, तें तरी आपण उघडूं या. नांवें कचेरींत किंवा आमच्याकडे द्यावींत. येतांना एखादा रबरी चेंडू आणलात तर उत्तमच.